ओढ्याला लाल पाणी आलं तेव्हा

पारनेरच्या दवाखान्यात सलाईनची बाटली संपत आली आणि लेकीनं डोळे उघडून म्हटलं, "आई, भूक लागली." मी पलंगाची दांडी धरून तिथंच खाली बसले. पहाटेपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. एसटीची वाट बघण्यात अर्थ नव्हता, म्हणून ह्यांनी मोटरसायकल काढली होती. मी मागं बसून तिला दोघांच्या मध्ये धरलं होतं आणि वाटभर तिच्या कानाशी काहीबाही बोलत राहिले होते. काय बोलले ते मला आजही आठवत नाही. भूक लागली म्हणाली, एवढंच कानात राहिलं आहे.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी लेकीची जीभ बघितली, पोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आता धोका टळला. संध्याकाळी घरी न्या. पण मला एक सांगा, पाणी कुठलं पिता तुम्ही?"

"नळाचं."

"आणि नळाला कुठून येतं?"

"गावच्या विहिरीचं. ओढ्याच्या काठाला आहे."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्याच गावची आणखी दोघं आलीत सकाळपासून. उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका."

ती दोघं कोण ते मला बाहेरच्या बाकावर कळलं. एक माझे थोरले दीर आणि दुसरी आमच्या शेजारच्या चुलतसासऱ्यांची नात. तिघंही एकाच आळीतली. आमचं घर ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, थोरल्या दिरांचं पलीकडच्या. मधे दगडावर पाय देत जाण्याइतकाच ओढा. चुलतसासऱ्यांचं घर आमच्या काठालाच, जरा वरच्या अंगाला. आणि सगळ्यांच्या खाली, पाणी वळण घेतं तिथं, ग्रामपंचायतीची विहीर.

माझं माहेर पाथर्डीच्या बाजूचं. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि आम्ही बहिणी आत्याकडं राहायचो. उन्हाळ्यात टँकर आला की हंडे घेऊन पळायचं, हेच आमचं पाणी. लग्न होऊन या गावात आले तेव्हा परसदारी ओढा वाहताना बघून मला खरं वाटेना. ह्या बाजूच्या गावांनी डोंगरावर चर खणले, बांध घातले, म्हणून पाणी जिरलं आणि ओढा होळीपर्यंत वाहायला लागला, असं सगळे सांगायचे. राळेगणसिद्धी आमच्यापासून काही लांब नाही. तिथलं बघून आमच्याही माणसांनी श्रमदान केलं होतं. मी नवी नवरी असताना कपडे धुऊन झाले तरी ओढ्यातच पाय सोडून बसून राहायचे आणि थोरल्या जाऊबाई पलीकडून हसायच्या. "आगं, घरात ये की! पानी काय पळून चाललंय का?"

पाणी पळून गेलं नाही. पण बदलत गेलं. घरोघर मोऱ्या झाल्या, मोऱ्यांना पाईप आले आणि पाईपांची तोंडं ओढ्याकडं वळली. दुसरीकडं वळवायची कुणाला सुचलंच नाही, उतारच तिकडं होता. गायी वाढल्या तसे उकिरडे काठावर सरकले. फवारणी झाली की पंप ओढ्यातच विसळायचा. लहान मुलांचे डायपर, शिळं अन्न, गणपतीचं निर्माल्य सगळं तिकडंच. मीही काही वेगळी वागत नव्हते. साबणाचा फेस दगडांपाशी साठलेला दिसायचा आणि पुढचा लोंढा आला की वाहून जायचा. डोळ्याआड झालं की संपलं.

लेकीला घरी आणल्यावर दुसऱ्याच सकाळी आशाताई आमच्या दारात आल्या. गावात घरोघरी फिरून बाळंतिणींची, लहान मुलांची विचारपूस करणाऱ्या बाई. सगळे त्यांना आशाताईच म्हणतात. त्यांनी पिशवीतून तळाशी औषध असलेली एक छोटी बाटली काढली, नळाचं पाणी तिच्यात भरलं आणि झाकण घट्ट लावून माझ्या हातात दिली.

"ही घरात सावलीला ठेवा. उद्या बघू. पानी चांगलं आसंल तर आसंच राहील. काळं पडलं तर समजायचं, संडासाची घान मिसळलीय."

बाटली मी भिंतीतल्या देवळीत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती शाईसारखी काळी झाली होती. लेक माझ्या पदराआडून बघत होती. तिनं विचारलं, "हे मी प्यायले?" मी तिला उचलून कडेवर घेतली, एवढी मोठी असून.

आशाताईंनी कळवल्यावर त्याच दिवशी विहिरीवरचा पंप बंद झाला. ग्रामपंचायतीनं टँकर मागवला आणि विहिरीपाशी माणसं जमली. ग्रामसेवक, सरपंच, आळीतली सगळी. कुणी म्हणालं वरच्या गोठ्यांचं आहे, कुणी म्हणालं पाईपलाईन फुटली असेल. तेवढ्यात चुलतसासरे, मी त्यांना मामंजी म्हणते, काठी टेकत पुढं आले. आळीतलं सगळ्यांत वडीलधारं माणूस. श्रमदानाच्या वेळी पहिली कुदळ त्यांनीच मारली होती असं सांगतात.

"ह्याच्यात एवढं काय शोधायचं?" ते म्हणाले. "नवी संडासं बांधली की सगळ्यांनी काठाला. टाकी पाझरली की जातंय विहिरीत."

त्यांनी नाव घेतलं नाही. पण सर्वांत नवा संडास आमचा होता आणि विहिरीच्या सगळ्यांत जवळचं घरही आमचंच. सगळ्यांच्या नजरा आमच्याकडं वळल्या. ह्यांचा चेहरा पडला. हे नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. तो संडास ह्यांनी सुट्ट्यांच्या दिवशी स्वतः राबून बांधला होता, माझ्यासाठी. अंधारात शेतात जायला मी घाबरायचे म्हणून.

घरी आल्यावर जाऊबाई काठावर उभ्या होत्या. थोरले दीर अजून अंथरुणातच होते. त्या काळजीनं अर्ध्या झाल्या होत्या आणि काळजीतलं माणूस जसं बोलतं तसंच त्या बोलल्या.

"माजा नवरा मराया टेकला हुता. तुमचं संडास ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आमाला ह्या पान्यात कशाला घालताय?"

"आक्का, माझी पण लेक त्याच दवाखान्यात होती," मी म्हटलं.

"मग तरी कळाया पायजे हुतं."

ह्यांनी आत जाऊन बूट घातले आणि कामावर निघून गेले. त्या दिवसापासून ओढ्याच्या दोन्ही काठांचं बोलणं बंद झालं. सकाळी जाऊबाई कपडे घेऊन आल्या की मी आत जायचे आणि मी गेले की त्या पाठ फिरवायच्या. आमच्या लग्नापासून असं कधी झालं नव्हतं. मला रात्रंदिवस एकच प्रश्न टोचत होता. खरंच आमच्या टाकीतूनच गेलं असेल तर? माझ्या सोयीसाठी बांधलेल्या संडासानं माझ्याच लेकीला आजारी पाडलं असेल तर?

मग तो चादरीचा दिवस आला.

लेकीच्या आजारपणात अंथरूण-पांघरूण खराब झालं होतं. ह्यांनी नगरहून येताना तिच्यासाठी एक लालभडक चादर आणली, मोठ्या मोठ्या फुलांची. वापरायच्या आधी एकदा पाण्यातून काढावी म्हणून मी ती मोरीत बादलीत बुडवली. रंग इतका सुटला की बादली कुंकवासारखी लाल झाली. मी ते पाणी मोरीत ओतलं, दुसरी बादली भरली, तीही लाल. मी मनातल्या मनात दुकानदाराला शिव्या घालत होते, एवढ्यात पलीकडून आरडाओरडा ऐकू आला.

"आगं ए! कुनाला लागलंय? आगं, लेक कुठाय तुजी?"

मी ओल्या हातानं बाहेर धावले. जाऊबाई चपला न घालता, साडी गुडघ्यापर्यंत ओढून धरून ओढ्यातून येत होत्या. एका दगडावरून पाय घसरला, पाण्यात पडल्या, तशाच उठल्या.

"काय झालं, आक्का?"

"रक्ताचं पानी आलंय! विहिरीपाशी सगळं लाल झालंय! मला वाटलं…"

मी त्यांच्या हाताला धरून त्यांना मोरीपाशी आणलं आणि चादर दाखवली. आधी त्यांनी चादरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या रडत होत्या की हसत होत्या ते मला कळलं नाही. मीही त्यांच्या शेजारी बसले.

"चपला बी घातल्या न्हाईत बघ मी," त्या शेवटी म्हणाल्या.

"चहा ठेवू?"

"आदी चल. तुला काय तरी दाखवायचंय."

त्यांनी मला विहिरीपर्यंत नेलं. ओढा वळतो तिथं एक छोटं डबकं आहे. दगडी काठाला लागून. तिथं आमच्या चादरीचा लाल रंग येऊन थांबला होता. आम्ही उभ्या राहून बघितलं, तर डबक्याच्या कडेला, विहिरीच्या बाजूच्या दगडांच्या फटीत, लाल पाणी हळूहळू आत ओढलं जात होतं. थांबून थांबून, जणू कुणी घोट घोट प्यावं तसं.

"म्हणजे आपण मोरीत जे टाकतो ते…" मी म्हटलं.

"हितनं आत," जाऊबाई म्हणाल्या. "तुजं, माजं, समद्यांचं."

आम्ही दोघी तिथं उभ्या असतानाच त्यांच्या डोक्यात ते आलं. "मोरीचं कळलं. संडासाचं बी आसंच कळंल. टाकीत रंग टाकायचा. ज्याची टाकी ओढ्यात पाझरत आसंल त्याचा रंग दिसंल."

मला भीती वाटली. आमचाच रंग दिसला तर? पण कळून न घेता राहणं त्याहून वाईट होतं. मी म्हटलं, "पहिलं आमचं बघू."

रंग कुठला टाकायचा, त्यानं पाणी आणखी बिघडायला नको, हे आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बर्फीत घालतात तो खायचा हिरवा रंग चालेल, आणि विहीर तर बंदच आहे. जाऊबाईंनी किराणा दुकानातून पुड्या आणल्या. दुकानदारानं विचारलं लग्न आहे का, तर त्या म्हणाल्या, "व्हय, ओढ्याचं."

ह्यांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही रंग टाकला. ह्यांना हे पटलेलं नव्हतं. "माझ्यावर विश्वास न्हाई का तुझा?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आहे. म्हणूनच टाकते." रंगाचं पाणी ओतलं, वर बादल्यांमागून बादल्या ओतल्या आणि तिघं काठावर जाऊन बसलो. हे एका दगडावर, जाऊबाई दुसऱ्या. ओढ्यात पाणी थोडंच होतं, त्यामुळं तळ नीट दिसत होता. एखादं शेवाळ हिरवं दिसलं की मी उठून वाकून बघायचे. दुपार कलली. जाऊबाईंनी भाकरी आणि पिठलं आणलं, तिथंच बसून खाल्लं. पाणी होतं तसंच वाहत राहिलं. संध्याकाळी हे उठले, टाकीच्या पलीकडच्या बाजूचा शोषखड्डा उघडून बघितला. त्याच्या तळाशी ओल हिरवी झाली होती. सगळं घाण पाणी शेताकडच्या बाजूला, जमिनीतच जिरत होतं.

"मी सांगितलं हुतं ना," हे म्हणाले. आवाज असा होता की मी तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. जाऊबाई उठून त्यांच्यापाशी आल्या.

"भाऊजी, मी बोलले ते…"

"ऱ्हाऊ द्या वहिनी. दादा बरा झाला, झालं."

त्या रात्री ह्यांनी कित्येक दिवसांनी दोनदा भाकरी मागून घेतली.

पण आमचं नव्हतं म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी होतं. जाऊबाईंनी आपल्या घरी रंग टाकला, काही आलं नाही. मग आळीतल्या बायका आपणहून पुढं यायला लागल्या. परीक्षेचा निकाल लागावा तशी एकेक बाई काठावर येऊन बसायची आणि पाणी साफ दिसलं की उठून पदर झटकायची. मामंजींनी मात्र साफ नकार दिला. "माज्या घरात आसले पोरखेळ नकोत. टाकी माजी पक्की हाय."

पण त्यांच्या घरात चुलतसासूही होत्या. आजारी पडलेली ती नात त्यांच्याच मांडीवर वाढत होती. मामंजी सकाळी दूध घालायला डेअरीत गेले की तिथून बाजारात चक्कर मारून दुपारीच घरी येतात. एका सकाळी त्या स्वतःच आमच्याकडं आल्या आणि पदराआडून हात पुढं केला. "ती पुडी दे गं. ते यायच्या आत."

त्यांनी रंग टाकला आणि नातीला कडेवर घेऊन आमच्याबरोबर काठावर येऊन बसल्या. फार वेळ थांबावं लागलं नाही. करंजाच्या झुडपांखालून, जिथं कुणाची नजर जात नव्हती, तिथून एक हिरवी धार निघाली. पातळ, मग दाट. आम्ही झुडपं बाजूला केली तर मातीत दडलेल्या पाईपाचं तोंड दिसलं. टाकी भरली की वरचं पाणी थेट ओढ्यात सोडणारा पाईप. चुलतसासू त्याच्याकडं बघत राहिल्या. नात म्हणाली, "आजी, हिरवं पानी!" आणि टाळ्या वाजवू लागली. त्यांनी तिला छातीशी धरलं.

"मिस्त्री म्हनला हुता, टाकी लवकर भरनार न्हाई आशी सोय करून देतो," त्या हळूच म्हणाल्या. "ही सोय."

आता मामंजींना सांगायचं कुणी? पण सांगावं लागलंच नाही. ते दुधाची किटली हातात घेऊन आले, काठावर बायका जमलेल्या बघून थांबले आणि हिरव्या धारेकडं बघत राहिले. आता रागावतील, काठी उगारतील असं वाटलं. त्यांनी किटली खाली ठेवली आणि दगडावर बसले.

"मला वाटायचं वाहतं पानी घान ठेवत न्हाई," ते म्हणाले. "आमचा बा बी हेच सांगायचा. वाहतं पानी गंगा."

"तवा ह्या आळीत चार घरं हुती," चुलतसासू म्हणाल्या. "आनि मोऱ्या न्हवत्या."

"व्हय," ते म्हणाले. नातीकडं बघितलं आणि मान खाली घातली. चारचौघांत ज्यांच्याकडं बोट दाखवलं होतं ते आम्ही, पण त्या घटकेला मला त्यांचा राग आला नाही. उलट काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. जे लपलेलं होतं ते दिसलं होतं, आणि दिसलं होतं म्हणून ते दुरुस्त करता येणार होतं.

त्याच दिवशी दुपारी मामंजींनी घरातून पहार काढली आणि पाईपापाशी खणायला लागले. हे कामावरून आले ते डबाही न ठेवता त्यांच्या मदतीला गेले. पाईप कापून त्याला टोपण बसवलं, टाकी उपसायला गाडी बोलावली, आणि घराच्या मागं, ओढ्यापासून लांब, मोठा शोषखड्डा घ्यायचं ठरलं. मामंजींच्या हातून पहार काढून घेताना हे म्हणाले, "तुमी बसा काका, आमी हाय." ह्यांच्या तोंडून तेवढं ऐकायला मामंजी थांबले होते, असं मला वाटलं.

मग लाल चादरीचा विषय निघाला. संडासाची घाण थांबली तरी मोऱ्यांचं पाणी डबक्यात येतच होतं. म्हणून प्रत्येक घरानं मोरीसाठी खड्डा करायचा ठरलं. आमच्याकडं मुरूम इतका कडक की पहार वाजायची. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू, आणि तोंडाशी एक भोक पाडलेलं मडकं, त्यात नारळाच्या शेंड्या, म्हणजे केस आणि खरकटं अडकून राहील. माझा खड्डा पहिल्याच आठवड्यात तुंबला. मोरीत घोट्याएवढं पाणी साठलं आणि सगळ्या घरात वास सुटला. जाऊबाई आल्या, नाक धरून आत बघितलं आणि म्हणाल्या, "तेलकट कढई तशीच घासतेस ना तू?" मग त्यांनी मला शिकवलं. आधी कढई कागदानं पुसायची, तेल पुसून घ्यायचं, मग राखेनं घासायची. त्यात शिकवण्यासारखं काही नव्हतं, आमच्या आया हेच करायच्या. आम्हीच विसरलो होतो. आता माझ्या मोरीचं पाणी केळीला आणि अळूला जातं, जाऊबाईंचंही अळूला. त्यांच्या अळूची पानं माझ्या अळूपेक्षा मोठी आहेत, हे मला अजून खुपतं.

काठावरचे उकिरडे हलवताना मात्र भांडणं झाली. जागा कुठं आहे, रोज लांब शेण कोण वाहणार. एक जण तर उकिरडा हलवायला तयारच नव्हता, ओढ्याकडं बघायचंही त्यानं सोडून दिलं होतं. त्याला कुणी काही बोललं नाही. एका सकाळी बायकांनीच घमेली घेतली आणि त्याचा उकिरडा त्याच्या शेतात नेऊन टाकला. तो दारात उभा राहून बघत राहिला. शेवटी घरातून आणखी एक घमेलं घेऊन आला. फवारणीचा पंप आता शेतातच विसळतात आणि ते पाणी त्याच पिकावर मारतात. ओढ्याचा तळ साफ करताना जे निघालं ते सांगण्यासारखं नाही. पोती भरभरून काढलं. चिखलात एक जुनं पितळी फुलपात्र सापडलं, कुणाचं ते कळलं नाही. चुलतसासूंनी ते चिंचेनं घासून देवळात ठेवलं.

विहीर उपसली, औषध टाकलं, आणि आशाताईंनी पुन्हा बाटली भरली. ती काळी पडली. आधीइतकी नाही, पण राखाडी. त्या दिवशी आळीत कुणाच्या घरी धड चूल पेटली नसेल. मी स्वतः देवळीसमोर उभी राहून म्हटलं, एवढं करूनही? पण आशाताई शांत होत्या. "जमिनीत मुरलेलं हाय. लगेच निघत न्हाई. दम धरा." आम्ही दम धरला. टँकरचं पाणी उकळून प्यायलो. पुन्हा उपसली, पुन्हा औषध.

तिसरी बाटली जाऊबाईंच्या घरी ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलं, कारण माझ्या देवळीला गुण नाही असं जाऊबाईंचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकऱ्या करत होते, तर पलीकडून हाक आली. "ये, लवकर ये!" माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ओढ्यातून कशी गेले माहीत नाही. त्यांच्या घरात आधीच अर्धी आळी जमली होती. थोरले दीर बरे होऊन भिंतीला टेकून बसले होते. जाऊबाईंनी बाटली उजेडात धरली. आतलं पाणी काल भरलं होतं तसंच होतं, फिकट आणि स्वच्छ. कुणीतरी म्हणालं, नीट बघा. त्यांनी पुन्हा धरली. तसंच. दवाखान्यात बसले होते तशीच मी उंबऱ्यावर खाली बसले. जाऊबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता रडू नगं. मला बी येतंय मग."

त्या आठवड्यात नळ सुरू झाले. पहिल्या दिवशी मी ते पाणी तरीही उकळलं, आजही उकळते. पण हंडा भरताना आता दर वेळी वाकून पाण्याचा रंग बघत नाही. लेक शाळेतून आली की ओढ्यात पाय सोडून बसते, मी तिला हाक मारत नाही.

आता ओढ्यावर सगळ्यांत जास्त नजर कुणाची असेल तर मामंजींची. परवा बाहेरगावचा एक टेम्पोवाला आला, टेम्पो काठाला उभा केला आणि बादली घेऊन चाकं धुवायला उतरला. आम्ही दोघी जावा पलीकडं कपडे वाळत घालत होतो. बघतो तर मामंजी काठी उंचावून त्याच्यावर धावले.

"ए! ही काय तुज्या बापाची मोरी हाय का? वाहतं पानी घान ठेवत न्हाई आसं वाटतंय का तुला?"

तो बिचारा बादली तिथंच टाकून टेम्पोत चढला. जाऊबाईंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. आम्ही तोंडात पदर कोंबला, पण हसू आवरलं नाही. दोघी ओल्या कपड्यांत तोंड लपवून इतक्या हसलो की चुलतसासू घरातून बाहेर आल्या आणि विचारू लागल्या, "काय गं, काय झालं? मला बी सांगा की!"